समकालीन आफ्रिकी कलेतून घडणारे आलिशान सफारी लॉज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘समकालीन आफ्रिकी कला’ म्हणजे नेमकी कुठली कला?

हा प्रश्न पहिला असायला हवा, पण बहुतेक वेळा तो रंगांचे नमुने निवडून झाल्यावर विचारला जातो. आफ्रिका हा पन्नासहून अधिक देशांचा खंड आहे आणि तेथील आजच्या कलेला एकच चेहरा नाही. घानात जन्मलेले आणि नायजेरियातील एन्सुक्का येथे अनेक दशके काम केलेले एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचे तांब्याच्या तारेने ओवून भिंतीएवढे धातूचे पडदे करतात. जोहान्सबर्गचे विल्यम केन्ट्रिज कोळशाने चित्र काढतात, खोडतात, पुन्हा काढतात आणि त्यातून चलचित्र उभे करतात. मालीचे अब्दुलाये कोनाते कापडाच्या शेकडो पट्ट्या एकावर एक शिवतात. दक्षिण आफ्रिकेतील एन्देबेले समाजातील एस्थर माहलांगू यांनी घराच्या भिंती रंगवण्याची आपल्या आई-आजीची भौमितिक भाषा कॅनव्हासवर आणली आणि १९९१ साली एका बीएमडब्ल्यू मोटारीवरही उतरवली. या चौघांत समान असे फारसे काही नाही. त्यामुळे ‘आम्हाला आफ्रिकी कलेवर आधारलेले लॉज हवे आहे’ हे वाक्य ‘आम्हाला आशियाई जेवण हवे आहे’ या वाक्याइतकेच मोघम ठरते. कुठल्या देशातील, कुठल्या साहित्यातील आणि कोणाच्या हातची कला, हे ठरल्याशिवाय वास्तुविशारदाला कामाला लावू नये.

रूढ सफारी शैलीत काय बिघडले? पाहुण्यांना तर ती आवडते.

पितळी कोपऱ्यांच्या पेट्या, चामड्याच्या घडीच्या खुर्च्या, जमिनीवर झेब्र्याचे कातडे, भिंतीवर शिंगे आणि टोपी घातलेल्या शिकाऱ्याचे करड्या रंगाचे छायाचित्र, ही मांडणी सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती वसाहतकाळातील शिकारी छावणीतून आली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पूर्व आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून अधिक प्राणी मारले. त्या काळचे हे सामान दिसायला देखणे आहे, यात वाद नाही. मात्र त्या देखाव्यात आफ्रिकी माणूस फक्त ओझे वाहणारा किंवा पेला पुढे करणारा म्हणून उरतो, आणि आज त्याच जमिनीवर लॉज बांधणाऱ्याने हे नजरेआड करू नये.

या साच्यातून बाहेर पडण्याचा प्रयत्न नवा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातील सिंगिता लेबोंबो हे लॉज २००३ साली काच, पोलाद आणि लाकडी काठ्यांत उभे राहिले. कड्यावर टेकलेल्या गरुडाच्या घरट्याची कल्पना त्यामागे होती आणि शिकारी छावणीची एकही खूण त्यात नव्हती. सफारीला येणारा श्रीमंत पाहुणा अशा जागेत राहील का, अशी शंका तेव्हा अनेकांना होती. तो राहिला, आणि पुढच्या पिढीतील लॉजना वाट मोकळी झाली.

कलावंताला कामात कधी आणावे?

पाया खणण्यापूर्वी. या विषयावर एकच सल्ला द्यायचा झाला, तर मी हाच देईन.

सर्वसाधारणपणे क्रम उलटा असतो. इमारत पूर्ण होते, गिलावा वाळतो, फर्निचर येते आणि उद्घाटनाला सहा आठवडे उरले असताना कोणीतरी म्हणते की, पलंगामागची भिंत मोकळी दिसते आहे. मग शहरातील एखाद्या दालनातून भिंतीच्या मापाची आणि उशांच्या रंगाची चित्रे मागवली जातात. ती चित्रे चांगली असली, तरी त्या जागेशी त्यांचे नाते जडत नाही, कारण ती खोली त्यांच्यावाचूनही पूर्णच होती.

कलावंत आराखड्याच्या वेळी बरोबर असेल, तर तो चित्राऐवजी दार मागू शकतो. कुंभार म्हणू शकतो की, मला भिंतीवरचा कोनाडा नको, स्नानगृहाची अख्खी भिंत द्या. धातुकाम करणारा शेकोटीचे कुंडच आपल्या हाती घेऊ शकतो, आणि विणकर पडदा करण्याऐवजी दोन खोल्यांमधली आडभिंत विणून देऊ शकतो. अशा कामांना वेळ लागतो. भट्टीत तडा गेलेली मोठी मृत्पात्रे पुन्हा घडवावी लागतात. दहा-बारा कलावंतांची कामे एकाच इमारतीत बसवायची असतील, तर ठेकेदार, अभियंता आणि कलावंत यांच्यात मापांची देवाणघेवाण सतत चालू ठेवणारी एक स्वतंत्र व्यक्ती नेमावी लागते. या व्यक्तीचा पगार वाचवणारे मालक पुढे त्याच्या कितीतरी पट खर्च फोडाफोडीत करतात.

याचे प्रत्यक्षातले उदाहरण कोणते?

बोट्सवानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशात, मोरेमी अभयारण्यात असलेले किजेरा हे लॉज. या नावाचा अर्थ कवड्या खंड्या, म्हणजे पाण्यावर एका जागी फडफडत राहून सूर मारणारा काळा-पांढरा पक्षी, जो महाराष्ट्रातील तळ्यांवरही दिसतो. बारा निवासांचे हे लॉज जुन्या छावणीच्या जागी नव्याने बांधले गेले. त्यातील कलेची जबाबदारी केप टाउनच्या सदर्न गिल्ड या दालनाकडे होती. २००८ साली सुरू झालेले हे दालन आफ्रिकेतील संग्राह्य फर्निचर, मृत्तिकाकाम आणि शिल्प यांसाठी ओळखले जाते.

किजेरात आसने, दिवे, टेबले आणि दारांच्या मुठीदेखील खास घडवून घेतल्या गेल्या. झाडांची निगा राखण्याच्या व्यवसायातून शिल्पकलेकडे वळलेले अ‍ॅडम बर्च यांनी झाडाच्या दुबेळक्यांतून कोरलेली आसने तेथे आहेत. शेकोटीसाठी पाण्यातील कुमुदाच्या रूपातले कांस्य कुंड आहे. मुख्य इमारतीपासून दूर एक तीन मजली पोलादी गोरखचिंच उभी आहे. दक्षिण आफ्रिकी चित्रकार याकोबुस पिअरनेफ यांच्या रेखाटनावरून सुचलेल्या या झाडाच्या माथ्यावर पाहुणे रात्री उघड्यावर झोपू शकतात.

या लॉजवर आक्षेपही घेता येतो. इतक्या गोष्टी एकत्र आल्या की, नजर कुठे ठरवावी ते कळत नाही, आणि बाहेर ओकावांगो असताना आत एवढे बोलके फर्निचर कशाला, असे एखाद्याला वाटू शकते. मला स्वतःला त्यातील निम्म्या वस्तू पुरेशा वाटल्या असत्या. तरीही त्या वस्तू हलवल्या तर लॉज अपुरे पडेल, अशा रीतीने त्या इमारतीत गुंफल्या आहेत, हे मान्य करावे लागते.

शहरातील नामांकित कलावंत घ्यावेत की लॉजच्या आसपासचे कारागीर?

दोन्ही घ्यावेत, पण त्यांच्यात चढउतार लावू नये. भिंतीवर केप टाउनच्या चित्रकाराचे नाव पितळी पट्टीवर आणि टोपलीवर मात्र ‘स्थानिक हस्तकला’ एवढेच, ही मांडणी अनेक ठिकाणी दिसते आणि ती खटकते.

ओकावांगोच्या पश्चिम काठावर इटशा नावाची, क्रमांकांनी ओळखली जाणारी गावे आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अंगोलातील युद्धामुळे सीमा ओलांडून आलेले हाम्बुकुशू लोक तेथे वसले. या आणि बायेई समाजातील स्त्रिया मोकोला ताडाच्या कोवळ्या पात्यांपासून टोपल्या विणतात आणि मुळे व साली उकळून त्यांना तपकिरी, विटकरी छटा देतात. नक्षीची नावे तर ऐकत राहावीत अशी आहेत : ‘जिराफाचे अश्रू’, ‘झेब्र्याचे कपाळ’, ‘कासवाचे गुडघे’, आणि चालता चालता मुतणाऱ्या बैलाच्या धारेची नागमोडी रेघ. (आपल्याकडेही त्या नागमोडीला गोमूत्रिका म्हणतात. काव्यशास्त्रातील चित्रबंधालाही तेच नाव आहे. दोन दूरच्या गोपालक समाजांची नजर एकाच रेषेवर खिळावी, यात नवल नाही.) मोठी टोपली विणायला कित्येक आठवडे लागतात. अशी टोपली कपडे टाकायला ठेवायची की भिंतीवर लावायची, हे डिझायनरने ठरवावे, पण विणणारीचे नाव दोन्ही ठिकाणी दिसले पाहिजे.

बोट्सवानाच्याच घांझी जिल्ह्यात १९९० पासून कुरू कला प्रकल्पात सान या आफ्रिकेच्या दक्षिण भागातील मूळ रहिवासी समाजातील स्त्री-पुरुष चित्रे आणि मुद्राचित्रे करतात. वाळवंटातील कंद, मणी आणि हरणे त्यांत येतात, पण ती पूर्वजांच्या गुहाचित्रांची नक्कल नव्हे. १९९७ साली तेथील एका कलावतीचे चित्र ब्रिटिश एअरवेजच्या विमानाच्या शेपटीवर झळकले होते.

रवांडात, ज्वालामुखींच्या पायथ्याशी २०१७ साली उघडलेल्या बिसाते लॉजची घुमटाकार गवती घरे न्यान्झा येथील राजवाड्याच्या विणलेल्या घुमटावरून सुचली आहेत. याच देशात शेण आणि राख यांच्या मिश्रणाने उठावदार रेषा काढून त्या काळ्या, पांढऱ्या, तांबड्या रंगांत भरण्याची इमिगोंगो ही कला आहे. सारवलेल्या अंगणात वाढलेल्या मराठी वाचकाला तिचे साहित्य समजावून सांगावे लागणार नाही. बोट्सवानातील लॉजमध्ये मात्र इमिगोंगो लावू नये. ती कला तिथे पाहुणी आहे.

मूळ कलाकृती परवडत नसतील, तर त्यांच्यासारख्या करून घेतल्या तर?

नको. अनात्सुईंच्या कामाला लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किंमत आलेली आहे. म्हणून कोणीतरी बुचांचा पडदा करून घेतो आणि तो उपाहारगृहात टांगतो. अनात्सुईंच्या पडद्यांना कायमचा आकार नसतो, दर ठिकाणी ते टांगणाऱ्याच्या हातून नव्याने वळतात. नकलेला मात्र एका चौकटीवर ठोकलेले असते आणि तेवढ्यावरूनही ती ओळखू येते. त्याच पैशांत एखाद्या तरुण कलावंताकडून मोठे, मूळ काम करून घेता येते आणि त्याच्या कारकिर्दीलाही हातभार लागतो.

येथे हक्कांचाही प्रश्न आहे. चित्र विकत घेतले म्हणजे ते उशीवर, भोजनपत्रिकेवर किंवा जाहिरातीत छापण्याचा हक्क मिळत नाही. तो स्वतंत्र करारात लिहून घ्यावा लागतो.

अस्सलपणाचा अतिरेकी आग्रहही फसतो. पाहुणे ज्याला ‘खास आफ्रिकी’ समजतात, ते मेणछपाईचे भडक कापड मूळ जावातील बाटिकच्या अनुकरणातून, युरोपीय गिरण्यांत निपजले आणि पश्चिम आफ्रिकेतील बाजारपेठांनी ते आपलेसे केले. यिन्का शोनिबारे या ब्रिटिश-नायजेरियन कलावंताने नेमकी हीच गुंतागुंत आपल्या कामाचा विषय केली आहे.

रानात चित्रे टिकतात का?

सगळी टिकत नाहीत, आणि निवडीचा पहिला निकष हाच असावा. संग्रहालयात कागद आणि कापड यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. आफ्रिकेतील दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. लॉजच्या खोलीला तीन बाजूंनी काच किंवा जाळी असते, कारण पाहुणा बाहेरचे रान पाहण्यासाठीच पैसे मोजतो. म्हणजे जलरंग, जुनी छायाचित्रे आणि नैसर्गिक रंगाचे कापड ठेवण्याजोगी एखादीच आतली भिंत उरते. सेदू केइता किंवा मलिक सिदिबे यांनी मालीची राजधानी बामाको येथील स्टुडिओत टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे लावायची असतील, तर ती ग्रंथालयात किंवा बोळात, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे लावावीत. उघड्या सज्जावर कांस्य, दगड, पोलाद आणि उच्च तापमानाला भाजलेली माती हेच खरे सोबती.

उन्हानंतर येतात कीटक. ताज्या लाकडात घुणाचे किडे अंडी घालतात आणि वर्षभराने शिल्पाखाली पिठूळ भुकटी दिसू लागते, म्हणून लाकूड भट्टीत वाळवून घेतल्याशिवाय स्वीकारू नये. कापड आणि टोपल्या लॉजवर नेण्यापूर्वी शीतगृहात, शून्याखाली वीस अंशांहून कमी तापमानात, एक-दोन आठवडे ठेवल्या की बहुतेक किडी मरतात. वाळवी जमिनीतून येते, तेव्हा लाकडी शिल्पाचा पाया कधीही थेट मातीवर टेकू नये. गवती छपरातील वटवाघळांची विष्ठा खालच्या चित्रावर पडते, आणि छपराचे आढे कुठे आहे ते पाहून मगच चित्राची जागा ठरवावी, एवढी साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते.

माकडे आणि बबून हे तर रोजचे गिऱ्हाईक. लोंबणारी, चमकणारी, फळासारखी दिसणारी प्रत्येक वस्तू त्यांना आपली वाटते. मण्यांचे झुंबर उघड्या भोजनगृहात टांगणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे. हत्तींची गोष्ट वेगळी आहे. झांबियातील म्फुवे लॉजच्या आवारात एक रानआंब्याचे झाड आहे, आणि फळे पिकली की हत्तींचे एक कुटुंब दरवर्षी स्वागतकक्षातून चालत जाऊन ते झाड गाठते. हत्ती वाट बदलत नाही. म्हणून शिल्प ठेवण्यापूर्वी जुन्या वाटाड्याला विचारावे की, येथून कोण जाते.

रात्रीच्या प्रकाशयोजनेचे काय?

चित्र उजळायचे तर दिवा लागतो आणि दिव्यावर किडे येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पंख फुटलेल्या वाळवीचे थवे एका रात्रीत जमीन झाकून टाकतात. त्यामुळे पिवळसर, मंद, खाली झुकलेला आणि माणूस आला की लागणारा प्रकाश वापरावा. बाहेरील शिल्पावर रात्रभर झोत सोडू नये, चरायला बाहेर पडणाऱ्या पाणघोड्यांना तो नको असतो आणि तारे पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही.

अस्वस्थ करणारी कला सुट्टीच्या ठिकाणी ठेवावी का?

या प्रश्नावर मालक आणि डिझायनर यांचे सर्वाधिक वाद होतात. मोझांबिकचे गोन्सालो माबुंडा १९९२ साली संपलेल्या यादवी युद्धातील निकामी केलेल्या बंदुका आणि काडतुसांची सिंहासने जोडतात. असे सिंहासन स्वागतकक्षात ठेवले, तर दमून आलेला पाहुणा गोंधळेल, असे मालकाला वाटते. ते चूक आहे असे नाही. पण ‘आनंदी’ चित्रांचाच हट्ट धरला, तर समकालीन कलेचा मोठा भाग बाहेर राहतो आणि हाती उरतात सूर्यास्तातल्या जिराफांच्या सावल्या.

शिवाय जमीन स्वतःच मूक नाही. क्रूगरच्या उत्तर टोकावरील पफुरी भागातून मकुलेके लोकांना १९६९ साली हुसकावून लावण्यात आले. वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर, १९९८ साली, त्यांना ती जमीन परत मिळाली. त्यांनी तेथे शेती न करता ती उद्यानातच ठेवली आणि आज तेथील लॉजना तीच मंडळी जमीन भाड्याने देतात. मोरेमी अभयारण्य १९६३ साली बाटवाना समाजाने स्वतःच्या शिकारभूमीतून निर्माण केले. या गोष्टी माहितीपत्रकात छापल्या तर पाहुणा त्या चाळून पुढे जाईल. त्याच गोष्टीतून एखाद्या कलावंताने केलेली भिंत मात्र तो रोज जेवताना पाहील आणि तिसऱ्या दिवशी वाटाड्याला काहीतरी विचारेल. म्हणून माझे मत असे की, असे काम निजण्याच्या खोलीत नको, पण जेथे लोक एकत्र बसतात तेथे किमान एक असावे.

जुने मुखवटे, हस्तिदंत, काळे लाकूड वापरता येतील का?

हस्तिदंत नाही, कुठल्याही सबबीवर नाही. जुन्या विधींच्या मुखवट्यांबाबत ते कसे आणि कोणाकडून बाहेर आले, याची खात्रीशीर कागदपत्रे नसतील तर ते घेऊ नयेत. १८९७ साली ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातील बेनिन शहरातून लुटलेल्या कांस्य मूर्तींचा हिशेब अजून चुकता होतो आहे. म्पिंगो, म्हणजे आफ्रिकी काळ्या लाकडातील, टांझानिया-मोझांबिकमधील माकोंडे समाजाची शिल्पे घेताना ती प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाखाली आहे हे लक्षात ठेवून परवाने आधी तपासावेत.

भारताशी, विशेषतः महाराष्ट्राशी, याचा काही धागा आहे का?

आहे, आणि तो काचेच्या मण्यांचा आहे. आफ्रिकी कलेची ओळख मानल्या जाणाऱ्या मणिकामाला लागणारे मणी शतकानुशतके हिंदी महासागरातून जात होते. लिंपोपो नदीकाठच्या मापुंगुब्वे या मध्ययुगीन राजधानीत आशियातून आलेले हजारो काचमणी सापडले. रायगड जिल्ह्यातील चौल बंदरातील आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मण्यांच्या रासायनिक घडणीतही संशोधकांना साम्य आढळले आहे. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आणि आपली ‘सफर’ ही एकाच अरबी मुळाची लेकरे आहेत.

केनिया किंवा टांझानियातील किनाऱ्याजवळच्या लॉजमध्ये या व्यापारावर एखादे काम करून घेण्यास भरपूर वाव आहे. मात्र तेवढ्या आधारावर पैठणीचे पडदे आणि वारलीचे पट्टे आफ्रिकेत नेऊ नयेत. वारली चित्रकलेचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे : जिव्या सोमा मशे यांच्या हातात ती एका माणसाची जिवंत दृष्टी होती, आणि हॉटेलांच्या भिंतींवर ती नावाशिवायची किनार झाली.

करारात कोणत्या गोष्टी असाव्यात?

आगाऊ रक्कम, टप्प्याटप्प्याने देयक, वाहतुकीतील तुटफुटीची जबाबदारी, विमा आणि कलावंताच्या नावाचा उल्लेख या गोष्टी नेहमीच्याच आहेत. वाहतुकीचा विचार आधी करावा. ओकावांगोत पाहुणे छोट्या विमानाने येतात आणि त्यांच्या सामानालाही साधारण २० किलोंची मर्यादा असते. मोठी कामे मालमोटारीने, वाळूच्या वाटेने न्यावी लागतात. अंगोलाच्या डोंगरांवर पडलेला पाऊस कित्येक महिन्यांनी, ऐन कोरड्या ऋतूत, त्रिभुज प्रदेशात पुराच्या रूपाने पसरतो आणि त्या काळात काही वाटा पाण्याखाली जातात, त्यामुळे पोहोचवण्याची तारीख पंचांगावरून नव्हे, पाण्यावरून ठरते.

ज्या कलमाकडे सगळ्यात कमी लक्ष दिले जाते, ते मुदतीचे. अशी बहुतेक लॉज भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असतात. म्हणूनच ती लाकडी मंचांवर, जमिनीला कमीत कमी धक्का लावून बांधली जातात. पट्टा संपला तर इमारत उकलून न्यायची असते. भिंतीतच घडवलेली मृत्तिकाकामाची फरशी तेव्हा सुट्या तुकड्यांत निघेल का, निघाली तर ती मालकाची, जमीनधारक समाजाची की कलावंताची, आणि नव्या जागी मांडताना कलावंताला बोलवायचे की नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.